बाटलीवरचं नाव आधी वाच

पोरी,

पॅथॉलॉजीच घ्यायची हे तुझं ठरलं. आता कॉलेजांची नावं कुठल्या क्रमानं भरायची यावरून रोज जेवणानंतर घरात बैठक बसते, असं तुझी आई सांगत होती. बाबा फी बघतात, आई हॉस्टेल बघते आणि तू मोबाइलवर इमारतींचे फोटो बघतेस. अगं, आपण कोल्हापूरची माणसं. गंगावेशीच्या तालमीत पोरगं घालताना कुणी इमारत बघतं का? हौद्यातली माती बघतात, वस्ताद कोण ते विचारतात, रोज किती पोरं अंगाला माती लावतात ते बघतात. आपलं शिक्षणही तसंच आहे. तीन वर्षांत तुझ्या हाताखालून किती नमुने गेले आणि तुझं निदान चुकलं तेव्हा शेजारी कोण बसलं होतं, यावर पुढची तीस वर्षं उभी राहतात.

माझ्या चुकांची वही जाड आहे. त्यातलं तुझ्या कामाचं काढून लिहिते. सावकाश वाच, एकदम सगळं गिळू नकोस.

१. कॉलेज बघायला जाशील तेव्हा आधी ग्रॉसिंगची, म्हणजे नमुने कापायची, खोली बघू दे म्हण, लायब्ररी नंतर — हवा खेचणारा पंखा चालू आहे का, नळाला पाणी आहे का आणि सुरी कुणाच्या हातात आहे, यावरून विभागाचं मन कळतं.

२. नमुन्यांचं रजिस्टर जरा चाळू द्या म्हणून गोड बोलून माग — महिन्याला किती बायोप्सी येतात, किती अख्खे गर्भाशय, किती स्तन, किती आतडी, हे भिंतीवरच्या फलकावर लिहिलेलं नसतं. जिथं बरण्या भरतात, तिथं हात भरतात.

३. दुपारी विभागप्रमुखांना भेट, पण रात्री नऊ वाजता मेसमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलीशेजारी जाऊन बस. तिला एकच विचार: रिपोर्ट आधी तू लिहितेस आणि मॅडम खोडतात, की मॅडम सांगतात आणि तू टाइप करतेस? — खोडलेला रिपोर्ट शिकवतो, टाइप केलेला फक्त बोटं दुखवतो.

४. चार-पाच जणांना एकाच वेळी एकच स्लाइड बघता येईल असा मायक्रोस्कोप आहे का, आणि त्यावरची धूळ कधी पुसली गेली, तेही बघ — यंत्र विकत घेता येतं, रोज सकाळी नऊला त्याच्याभोवती जमायची सवय विकत मिळत नाही.

५. फ्रोझन सेक्शन तिथं होतं का? आयएचसी तिथंच करतात की बाहेर पाठवतात? बाहेर पाठवत असतील तर परत आलेल्या स्लाइड रेसिडेंटला दाखवतात का, ते विचार — नुसता कागद फाइलला लागत असेल तर त्या केसमधून तू काहीच शिकली नाहीस.

६. रक्तपेढी, शवविच्छेदन, सायटॉलॉजी, रात्रीची लॅब — या चारही ठिकाणी रेसिडेंटची पाळी लागते ना, एवढी खात्री कर. नंतर गावात एकटी लॅब चालवायला बसलीस की नेमकं न शिकलेलंच दारात येतं.

आता कोल्हापूरचं सांगते, कारण तुझ्या आईला तू डोळ्यांसमोर हवी आहेस. इथं दोन जागा आहेत. भाऊसिंगजी रोडवरचं आपलं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आणि त्याला जोडलेलं राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. सीपीआरची दगडी इमारत एकोणिसाव्या शतकातली, तर कॉलेज अलीकडचं, या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झालेलं. त्याचा बराच पसारा शेंडा पार्कात आहे. दुसरं डी. वाय. पाटील. कॉलेज कसबा बावड्याला, १९८९ सालचं, आणि रुग्णालय कदमवाडीत. तासाभराच्या रेल्वेवर मिरज आहे. तिथलं शासकीय महाविद्यालय १९६२ सालचं, आणि त्याच्याही कितीतरी आधी, १८९४ मध्ये, डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी तिथं मिशनचं रुग्णालय उभं केलं. पलीकडं कराडला कृष्णा, १९८४ पासून. म्हणजे पंचगंगा ते कोयना एवढ्या पट्ट्यात शिकायला जागा कमी नाहीत. पुण्याला बी. जे. आहे, मुंबईला केईएम आणि ग्रँट आहेत. गुण असतील तर तिकडं जरूर जा. पण नसतील तर आभाळ कोसळल्यासारखं तोंड करून बसू नकोस.

७. सरकारी की खासगी, या वादात पडू नकोस. सरकारीत बहुधा नमुने जास्त आणि हात लवकर मिळतो, खासगीत बहुधा यंत्रं नवी आणि कागद वेळेवर मिळतो — जे कमी असेल ते सुट्टीच्या दिवशी दुसरीकडं जाऊन शिकता येतं, फक्त विचारायची लाज सोडायची.

८. गावाजवळची जागा मिळाली तर तिला कमी लेखू नकोस. गगनबावडा, राधानगरी, चंदगड, आजरा, घाट उतरून सिंधुदुर्ग, सीमेपलीकडं निपाणी, इतक्या ठिकाणचं दुखणं कोल्हापुरात येतं — आणि ती माणसं काय खातात, काय लावतात, कुठं राबतात हे तुला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

९. तरी तिसऱ्या वर्षाच्या आत चार आठवडे एखाद्या मोठ्या कर्करोग रुग्णालयात निरीक्षणाला जाऊन ये. टाटा मेमोरिअलसाठी अर्ज फार आधी करावा लागतो — इथं वर्षात एकदा दिसणारी गाठ तिथं आठवड्यात तीनदा दिसते.

टाटाचं नाव निघालं म्हणून सांगते. १९४१ मध्ये ते रुग्णालय उघडलं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडं आली. त्याआधी ते परळच्या सेठ जी. एस. मेडिकलमध्ये पॅथॉलॉजी शिकवत. तंबाखू चघळण्याचा आणि तोंडाच्या कर्करोगाचा संबंध त्यांनी बारकाईनं अभ्यासला. आपल्या माणसाच्या सवयी विचारत विचारत निदानापर्यंत जायचं, ही शिस्त या देशात घालून देणाऱ्यांपैकी ते एक. निपाणीची तंबाखू आपल्या दारात आहे. तेव्हा ही शिस्त तुझ्या घरचीच समज.

आता तू रुजू झालीस असं धरते. पांढरा एप्रन, खिशात पेन, डोळ्यांत झोप. इथून पुढचं सगळं बाटलीचं. मला विचारशील तर अर्धी पॅथॉलॉजी बाटलीत असते आणि उरलेली अर्धी काचेवर.

१०. बाटली उघडण्याआधी तिच्यावरचं नाव मोठ्यानं वाच, मग फॉर्मवरचं नाव मोठ्यानं वाच — डोळा सवयीनं फसतो, कान फसत नाही.

११. नुसतं नाव जुळणं म्हणजे काही जुळणं नाही. नोंदणी क्रमांकही जुळला पाहिजे — आपल्याकडं एका वॉर्डात चार पाटील असतात आणि त्यातल्या दोघींचं नावही एकच असतं.

१२. लेबल बाटलीच्या अंगावर हवं, झाकणावर कधीच नको. झाकण फिरतं, बाटली राहते.

हे बारावं मी कशी शिकले ते सांगते. शिकत होते तेव्हाची गोष्ट. एकाच दुपारी दोन बायकांच्या स्तनातल्या गाठी आल्या. दोघी एकाच आडनावाच्या, दोघींची वयं चाळिशीतली, बाटल्या सारख्या, नावं चिकटपट्टीवर लिहून झाकणांवर लावलेली. मी दोन्ही झाकणं उघडून टेबलावर ठेवली आणि तेवढ्यात फोन आला म्हणून बोलायला गेले. परत आल्यावर झाकणं लावली. कुठलं कुठं लावलं, हा प्रश्नच मला पडला नाही. एक गाठ साधी निघाली, एक कर्करोगाची. रिपोर्ट गेले. दुसऱ्या दिवशी सर्जनचा फोन आला, "डॉक्टर, जिची गाठ मला हाताला दगडासारखी लागली तिची तुम्ही साधी म्हणताय, काहीतरी घोटाळा आहे." उरलेलं ऊतक बाहेर काढलं, दोन्ही गाठी हातानं चाचपल्या, नोंदींशी ताडून पाहिल्या. घोटाळा माझाच होता. जिला काही झालं नव्हतं ती बाई त्या रात्री ऑपरेशनच्या भीतीनं जेवली नव्हती, आणि जिला झालं होतं तिनं घरी पेढे वाटले होते. मी दोघींना भेटायला गेले. काय बोलले ते आता आठवत नाही. त्या पेढ्यांचा पुडा मात्र आठवतो, खाटेवर अर्धा उघडा पडलेला.

१३. म्हणून टेबलावर एका वेळी एकच बाटली. ती बंद करून बाजूला ठेवल्याशिवाय दुसरीला हात नाही. फोन वाजू दे.

१४. आणि उरलेला नमुना रिपोर्ट पक्का होऊन काही आठवडे उलटेपर्यंत टाकायचा नाही — माझी चूक निस्तरली ती शेल्फवर उरलेल्या त्या तुकड्यांमुळं.

१५. फॉर्मॅलिन नमुन्याच्या दहापट हवं. नमुना बुडाला म्हणजे झालं असं नाही — बोटभर पाण्यात भाकरी भिजते, पण गर्भाशय टिकत नाही.

१६. अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेला नमुना आला तर पाठवणाऱ्यावर डाफरू नकोस, फोन करून सांग: रुंद तोंडाची बरणी पाठवा, लोणच्याची धुतलेलीही चालेल. ताजा असताना आत गेलेला मऊ तुकडा फॉर्मॅलिननं कडक झाल्यावर बाहेर येत नाही. मग बाटली फोडायची आणि काचा वेचायच्या.

१७. मोठा नमुना आला की लगेच काप देऊन उघड, मध्ये कागद घाल आणि मग भरपूर फॉर्मॅलिनमध्ये सोड — फॉर्मॅलिन बाहेरून आत फार हळू जातं. तोवर गाभा कुजतो आणि तुला नेमका गाभाच बघायचा असतो.

१८. स्तनाचा नमुना असेल तर शरीरातून कधी काढला आणि फॉर्मॅलिनमध्ये कधी पडला, या दोन्ही वेळा लिहून घे. पहिल्या तासाभरात तो पडायला हवा, आणि पुढं आत राहायचा अवधी ६ तासांहून कमी नको, ७२ तासांहून जास्त नको — ईआर, पीआर, हर-टूच्या तपासण्या यावर अवलंबून असतात आणि बाईची गोळी त्या तपासण्यांवर.

१९. फ्रोझन असेल तर आदल्या दिवशी थिएटरला सांगून ठेव: तुकडा कोरडा आणि ताजा पाठवा, फॉर्मॅलिन नको — तिकडं पोट उघडं ठेवून सगळे थांबलेले असतात. वीस मिनिटांत उत्तर द्यायचं म्हटलं तर त्यातली दहा चुकीची बाटली शोधण्यात घालवायची नसतात.

२०. मास्क लाव, पंखा चालू कर आणि फॉर्मॅलिनच्या वासाची सवय झाली असं कधी म्हणू नकोस. १८९३ मध्ये फ्रँकफर्टच्या फर्डिनांड ब्लूमला फॉर्मॅलिनचा ऊतक कडक करण्याचा गुण कळला तो त्याच्या स्वतःच्याच बोटांची कातडी कडक झाल्यावर. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं फॉर्मल्डिहाइड माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं — तुझं नाक तुला पुढची चाळीस वर्षं लागणार आहे.

२१. कॅसेटवर आणि स्लाइडच्या खरखरीत टोकावर पेन्सिलीनंच लिही — पेनाची शाई अल्कोहोलमध्ये आणि झायलीनमध्ये धुऊन जाते, आणि मग हातात एक सुंदर, बिननावाची गाठ उरते.

२२. चिमटा, सुरी, पाट, प्रत्येक केसनंतर पूस. वॉटर बाथमधलं पाणी सारखं बदल — एकाचा कण दुसऱ्याच्या स्लाइडवर तरंगत आला तर ज्याला कर्करोग नाही त्याला तू तो देऊन बसशील.

आता माणसांचं.

२३. टेक्निशियनकाकांकडून ब्लॉक कापायला पहिल्या दोन महिन्यांत शीक. तीन-चार मायक्रॉनची रिबन वळत वळत पाण्यावर सोडायची, सुरकुती न येऊ देता — गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीत हात न घालता पाक ओळखतो, तसं काका मेणाचा आवाज ऐकून सुरी बोथट झाल्याचं सांगतात. हे पुस्तकात नाही.

२४. स्लाइड खराब आली तर "कुणी कापली?" असं विचारत जाऊ नकोस. ब्लॉक घेऊन जा आणि "काका, परत एकदा बघूया का" म्हण — पुन्हा कापायला लावणं तुझ्या हातात आहे, मनानं कापायला लावणं नाही.

२५. मामा आणि मावशींना रोज नावानं हाक मार. थिएटरमधून तुझ्यापर्यंत बाटली आणतात ती तीच माणसं, आणि रस्त्यात काही सांडलं तर ते तुला येऊन सांगतील की लपवतील, हे त्या हाकेवर ठरतं.

२६. फॉर्मवर "गाठ" एवढंच लिहून आलं तर वॉर्डात स्वतः चालत जा. तोंडातली जखम असेल तर त्या आजीला विचार, "मावशी, मिश्री लावता का? किती वर्षं? कुठल्या बाजूला?" — ती लाजून पदर तोंडाला लावते, आणि ज्या बाजूला लावते तिथंच बहुधा जखम असते.

२७. रिपोर्टवर तुझी सही नसते तोवर तो रिपोर्ट तू नातेवाइकाला सांगायचा नाही, पण बाकावर बसलेल्याला "आज होईल की उद्या" एवढं सांगायला पाच सेकंद लागतात. तो चंदगडहून एसटीनं आलेला असतो, परतीची गाडी त्या उत्तरावर ठरते.

रात्रीच्या लॅबला तू घाबरणार हे मला माहीत आहे. घाबर थोडी, चांगलं असतं ते.

२८. पावसाळ्यात, डेंग्यूच्या दिवसांत, यंत्रानं प्लेटलेट १५ हजार दाखवले तर आकडा सोडण्याआधी स्मिअर बघ. कडेला आणि शेपटीला बघ — जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीएमुळं काहींच्या प्लेटलेट गुच्छ करून बसतात आणि यंत्र ते मोजत नाही. गुच्छ दिसले तर सायट्रेटच्या नळीत पुन्हा घे, आलेला आकडा १.१ नं गुणायचा.

एक रात्र आहे माझी. रात्री अडीच वाजता एक बाप प्लेटलेटच्या पिशवीसाठी शहरभर फिरत होता, पोराच्या हाताला सलाइन, पोरगं मात्र पलंगावर बसून शांतपणे बिस्किट खात होतं. मी तो कागद मशिनमधून आला तसाच सोडला होता. सकाळी मॅडमनी स्मिअर बघितला. मुठीएवढाले गुच्छ होते, आणि प्लेटलेट दीड लाखाच्या पुढं. त्या बापानं रात्रीत उसने घेतलेले पैसे मी भरून देऊ शकले नाही. तेव्हापासून ज्या पोराला बिस्किट गोड लागतंय त्याचा कागद वाईट दिसला तर मी आधी कागदावर शंका घेते.

२९. उसाच्या तोडणीत घोणस चावलेला माणूस येईल. दोन मिली ताजं रक्त कोरड्या, नव्या काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच तिरकी करून बघायची. गोठलं नाही तर विष रक्तात आहे — प्लास्टिकची नळी किंवा साबणानं धुतलेली काच वापरलीस तर निरोगी माणसाचं रक्तही गोठणार नाही, म्हणून अशा चार कोऱ्या नळ्या खणात वेगळ्या ठेव.

३०. निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरलेली नसेल तर पीटी लावू नकोस, परत पाठव — नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, हे माप मोडलं की आकडा खोटा वाढतो आणि उद्याचं ऑपरेशन उगाच पुढं जातं.

३१. सकाळी कंट्रोल लावल्याशिवाय पहिला रुग्ण मशिनला लावायचा नाही, आणि कंट्रोलचा ठिपका आलेखावर रोज भर, आठवड्याचे एकदम शनिवारी भरू नकोस — ठिपके चार दिवस हळूहळू एका बाजूला सरकायला लागतात, तेव्हाच यंत्र तुझ्याशी बोलत असतं.

३२. जीव घाबरवणारा आकडा आला तर कागद पाठवून थांबू नकोस, वॉर्डात फोन कर, घेणाऱ्याचं नाव आणि वेळ लिही — कागद ट्रेमध्ये झोपतो.

पावसाचं वेगळं लिहिते, कारण बाहेरून आलेल्यांना कोल्हापूरचा पाऊस कळत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला आणि शिरोलीपाशी महामार्गच पाण्याखाली जाऊन बंद पडला. पुन्हा २०२१ च्या जुलैत तेच. ट्रक पलीकडं, लॅब अलीकडं. त्या दिवसांत ज्यांनी मेमध्ये सामान भरून ठेवलं होतं त्यांचं काम चालू राहिलं.

३३. मृगाच्या आधी फॉर्मॅलिन, झायलीन, अल्कोहोल, मेण, रिएजंट, किमान तीन आठवड्यांचं भरून घ्यायला विभागाला आठवण कर — पाणी पुलावर आलं की पैसे असून उपयोग नसतो.

३४. रात्री टिश्यू प्रोसेसर लावून जाताना वीज गेली तर काय, हे आधी विचार, आणि सकाळी येऊन सगळ्यात आधी तिथंच बघ — अर्धवट प्रक्रियेत अडकलेला तुकडा दुरुस्त होतो, कोरडा पडलेला होत नाही.

३५. मायक्रोस्कोप झाकून ठेव, लेन्सच्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेव, निळी पुडी गुलाबी झाली की बदल — आपल्या दमट हवेत लेन्सवर बुरशी चढते. आधी कोपऱ्यात जाळं दिसतं, मग सगळ्या पेशी धुक्यात.

३६. तेलाची लेन्स वापरल्यावर लगेच लेन्सच्या कागदानं पूस, ओढणीनं नाही. होय, तू ओढणीनंच पुसणार होतीस.

अंगाची काळजी. इथं तुझी आई माझ्या बाजूनं आहे.

३७. रुजू होण्याआधी हिपॅटायटिस बी च्या लशीचे तिन्ही डोस पूर्ण कर, आणि शेवटच्या डोसनंतर महिन्या-दोन महिन्यांनी टायटर तपास. दहाच्या वर हवं — काही जणांत लस घेऊनही संरक्षण येत नाही, आणि ते सुई टोचल्यावर कळण्यात अर्थ नाही.

३८. सुईचं टोपण परत लावायचं नाही. टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली धर, पिळू नकोस, आणि लगेच कळव. एचआयव्हीच्या प्रतिबंधाची गोळी जितक्या लवकर तितकी चांगली, ७२ तासांनंतर तिचा उपयोग नाही — "सर रागावतील" म्हणून सकाळपर्यंत थांबलेली मुलगी मी पाहिली आहे. तिला काही झालं नाही, पण तिचे ते सहा महिने कसे गेले तेही पाहिलं आहे.

३९. फुप्फुसाचा ताजा नमुना न विचारता कापू नकोस — आपल्याकडं क्षय सांगून येत नाही.

४०. थिसिसचा विषय रजिस्टरमध्ये शोध, स्वप्नात नको. वर्षाला तीन केस येणारा दुर्मीळ आजार घेशील तर तिसऱ्या वर्षी रडशील. आणि एथिक्स कमिटीचं पत्र हातात पडल्याशिवाय एकही केस मोजायची नाही.

४१. लॉगबुक त्याच दिवशी भर, मागच्या तारखांनी भरलेलं लॉगबुक बघणाऱ्याला शाईवरून कळतं. मॅपकॉनसाठी, म्हणजे राज्यातल्या पॅथॉलॉजिस्टांच्या परिषदेसाठी, पोस्टर करायचं तर मार्चपासूनच एक चांगली केस बाजूला काढून तिचे फोटो काढून ठेव.

४२. तीन महिन्यांची जिल्हा रेसिडेन्सी येईल तेव्हा तिला शिक्षा समजू नकोस. गडहिंग्लजसारख्या ठिकाणी लावली तर आनंदानं जा.

या बेचाळिसाव्याबद्दल जरा थांबून सांगते. मुख्य रुग्णालयात बसून मी वर्षानुवर्षं चिडत होते, की बाहेरून गाठी सलाइनमध्ये का येतात, नमुना सडून का येतो, फॉर्मवर इतिहास का नसतो. एकदा कामानं एका छोट्या रुग्णालयात चार दिवस राहायची वेळ आली. तिथं थिएटरमध्ये एक सिस्टर, एक मामा. फॉर्मॅलिनचा कॅन रिकामा, मागणी गेलेली, यायची होती. मामा म्हणाले, "मॅडम, काहीतरी ओलं असू दे म्हणून आम्ही सलाइन घालतो. कोरडं तुकडं पाठवणं बरं दिसत नाही." त्या माणसानं आपल्या परीनं काळजीच घेतली होती, आणि मी इतकी वर्षं त्या काळजीवर चिडत होते. परत आल्यावर मी दहा लिटर दहा टक्के फॉर्मॅलिन तयार केलं, छोट्या रुंद बरण्यांत भरलं, प्रत्येकीवर लेबलाची जागा आखली आणि एसटीनं पाठवलं. पुढच्या महिन्यापासून तिथले नमुने काचेवर सुरेख यायला लागले. त्या वर्षी तिथून आलेल्या एका पोराच्या लिंफ नोडमध्ये मला लिंफोमा दिसला, तो नोड यातल्याच एका बरणीतून आला होता. सलाइनमध्ये आला असता तर मला नुसता चिखल दिसला असता.

तेव्हा जिल्ह्याला गेलीस की पहिल्या आठवड्यात थिएटरचं कपाट उघडून बघ आणि कॅनमध्ये किती फॉर्मॅलिन आहे ते मला फोन करून सांग. कमी असेल तर बरण्या माझ्याकडं धुऊन ठेवलेल्या आहेत, अठरा आहेत. झाकणं घट्ट बसतात की नाही ते मी बघून ठेवते. लेबलं तू चिकटव, अंगावर.